मार्कांच्या आधीचा प्रश्न

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. लहानपणी रेडिओ खोलून जोडणारा हा मुलगा गेल्या सुट्टीत म्हणाला, ‘मामू, आता स्क्रूड्रायव्हर हातात धरावासाच वाटत नाही.’ मी सवयीनं विचारलं, ‘मार्क किती पडले?’ तो गप्प झाला.

१९७१ साली एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी दिली होती. काहींना दर कोड्यामागे एक डॉलर मिळाला. पैसे थांबले तशी त्यांची कोड्यांची ओढही कमी झाली. दुसऱ्या प्रयोगात नुसती शाबासकी मिळालेल्यांची ओढ मात्र टिकली. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं, की माणसाला तीन गोष्टी लागतात : स्वतःची मर्जी, आपल्याला जमतंय हा भरवसा आणि आपलं म्हणणारं कुणीतरी. कॉलेजात तेच, कचेरीतही तेच. पगार हवाच; पण ही भूक पगारानं भागत नाही.

त्या रात्री मी बिघडलेला रेडिओ भाच्यापुढे ठेवला. ‘वाटलं तर बघ,’ एवढंच म्हणालो. रेडिओ अजून खरखरतोच. पण सुट्टीला आला की भाचा आपणहून तो उघडून बसतो. मार्कांचं मी शेवटी विचारतो.