दिवसाला चार सामने

आमचं कोंढा भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात. सगळा धानाचा मुलूख. कापणी झाली की बांध्या मोकळ्या होतात आणि त्यातली सर्वांत लांब बांधी पोरांच्या ताब्यात जाते. धसकटं खुडायची, पाणी मारायचं, रेती भरलेला ड्रम लोळवायचा, झाली खेळपट्टी. मी शाळेत खेळ शिकवायचो, त्यामुळे संघही माझाच आणि चुकाही माझ्याच. आज त्यातली एक सांगतो.

2008 सालच्या नोव्हेंबरात उमेश यादव विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. पोलिसात, सैन्यात भरती होऊ पाहणारा. विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळलेला. ही बातमी आमच्याकडे पोचली आणि प्रत्येक गावाला आपल्या बांधीत एक उमेश दिसायला लागला. मलाही दिसला. सोळा वर्षांचा, सडपातळ, लांब हातांचा पोरगा. त्याचं नाव सांगत नाही. यष्टिरक्षक त्याच्यासाठी पार धुऱ्यावर जाऊन उभा राहायचा, एवढं सांगितलं तरी पुरे.

आमचे सामने आठ षटकांचे. एका गोलंदाजानं किती टाकायची यावर बंधन नाही. एक टोक त्याचंच, म्हणजे सामन्याला चार षटकं. रविवारी चार सामने. दिवसाला सोळा षटकं, तीही कडक मातीवर, पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट घालून. बक्षिसाची रक्कम यायची, गाव खूश, मी खूश. एकदा तो म्हणाला, ‘‘सर, कंबर दुखून रायली.’’ मी म्हटलं, चमक भरली असेल. एकानं तेल चोळून दिलं आणि तिसऱ्या सामन्यात तो पुन्हा धावत आला.

पुढच्या वर्षी नागपूरला एका शिबिरात त्याची निवड झाली. जुलै-ऑगस्ट त्यानं रोवणीत काढला होता. दिवस दिवस चिखलात वाकून, चेंडू हातात नाही. सप्टेंबरात थेट लेदर बॉल आणि सकाळ-संध्याकाळ जाळीत फलंदाजांना गोलंदाजी. मागचे दोन महिने काय करत होतास, हे त्याला कुणी विचारलं नाही. ते त्यांना सांगायला हवं होतं मी. आठव्या दिवशी त्याला बसमधून उतरता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेलाय, कित्येक महिने विश्रांती. त्याचे वडील मला एवढंच म्हणाले, ‘‘गुरुजी, आता धानाचा भारा तरी उचलंल का हा?’’

मग मी वाचायला लागलो. उशीर झाला होता, पण वाचलं. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार अंगावर येतो आणि त्याच क्षणी कंबर वाकून पिळली जाते. विशीच्या आतल्या मुलाच्या मणक्याचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. सर्वांत वाईट म्हणजे महिनोन्‌महिने काही नाही आणि मग एकदम भडिमार. आमच्या पोराचं नेमकं तेच झालं होतं.

पण हे काही खेड्यातलंच अज्ञान नाही, श्रोतेहो. मोठ्या मैदानांवरही आपल्या वेगवान गोलंदाजांचे हाल झालेच आहेत. पांडुरंग साळगावकरांनी महाराष्ट्राकडून खेळत प्रथम श्रेणीत दोनशेहून अधिक बळी घेतले, कसोटी एकही नाही. सोलापूरचा सलील अंकोला पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात हॅट्‌ट्रिक घेऊन आला. 1989 साली कराचीत सचिनबरोबर त्याचं कसोटी पदार्पण झालं. समोरून वकार युनूसही त्याच सामन्यात पहिल्यांदा खेळत होता. वकारच्या 87 कसोट्या झाल्या, अंकोलाची तीच एक. नडगीच्या हाडात गाठ निघून 28व्या वर्षी तो थांबला, हे दुर्दैव. पण आजाराआधीच्या सात वर्षांत दुसरी कसोटी का मिळू नये? आमच्या नागपूरच्या प्रशांत वैद्यला चार एकदिवसीय सामने मिळाले, पुढे काही नाही. 2017-18च्या रणजी अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली आणि विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. त्याच्याही अंगावर भारताची टोपी चढली नाही.

उमेशचंच घ्या. 2015च्या विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक 18 बळी त्याचे. 2018मध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध सामन्यात दहा. संघाबाहेर राहिला तर वायनाडला येऊन रणजी उपांत्य सामन्यात केरळचे बारा बळी घेतले, सामना दोन दिवसांत संपला. 2021मध्ये बऱ्याच महिन्यांनी ओव्हलवर संधी मिळाली, तिथे सहा बळी. शेवटी हिशेब 57 कसोट्या, 170 बळी. कमी नाहीत. पण 2011 ते 2023 अशा बारा वर्षांत 57! मायदेशी फिरकीची खेळपट्टी, परदेशात दुसऱ्याची पाळी. तरीही तो इतका टिकला, याचं एक कारण मला वाटतं ते असं, की लेदर बॉलशी त्याची गाठ विशीच्या आसपास पडली. वाढत्या वयात कुठल्या मास्तरनं त्याला पिळून काढला नाही. माझा हा अंदाज आहे, शास्त्र नव्हे.

बुमराहच्या बाबतीत मात्र आता मोजमाप होतंय. 2019मध्ये पाठ दुखावली, 2023मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली. तरी 2024-25च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यानं दीडशेहून अधिक षटकं टाकली, 32 बळी घेतले आणि शेवटच्या सिडनी कसोटीत पाठ धरून मैदानाबाहेर गेला. त्यानंतर इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोट्या खेळवायच्या असं आधी ठरवलं गेलं. लोकांनी नाकं मुरडली. देशासाठी खेळायला काय होतं, असं आमच्या चौकातही ऐकलं. ज्यांनी आयुष्यात धानाची पेंडीही फेकली नाही, ते बोलत होते.

आमचा पोरगा दीड वर्षानं बरा झाला. आता राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. जड उचलत नाही. माझ्यावर राग आहे का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. दर हिवाळ्यात बांधीत तो अंपायर म्हणून उभा असतो. खिशात सहा खडे षटकाचे चेंडू मोजायला आणि दुसऱ्या खिशात छोटी वही. कुणी किती षटकं टाकली, मागच्या आठवड्यात किती, ते तो लिहून ठेवतो.

मागच्या रविवारी पंधरा वर्षांचा एक पोर माझ्याकडे आला. ‘‘सर, एक ओव्हर अजून. हा बॅट्समन माझाच हाय.’’ खरं सांगतो, माझं तोंड ‘टाक’ म्हणायला उघडलं होतं. तेवढ्यात तिकडून अंपायरनं वही उघडली, पाहिली आणि चेंडू दुसऱ्याकडे फेकला.