'कॉपी झाली' म्हणजे नक्की काय झालं?

बीडजवळच्या पालीतून बोलतोय. आजचा विषय ब्लॉक डिव्हाइस ड्रायव्हर. नाव जड आहे, पण काम रोजचंच.

लिनक्सच्या कॉम्प्युटरवर तुम्ही पेन ड्राइव्हमध्ये फॉर्म टाकला. 'कॉपी झाली' दिसलं, ड्राइव्ह उपसला. घरी येऊन बघता तर फाइल उघडतच नाही. का?

कारण फाइल आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये जाते. तिथे ती साधारण 30 सेकंद पडून राहू शकते. मग कर्नल 'बायो' बनवतो: कुठल्या सेक्टरपासून, किती डेटा, वाचायचा की लिहायचा. शेजारशेजारचे बायो जोडून एक 'रिक्वेस्ट' होते आणि ती रांगेत लागते.

रांगेत आधी कोण? एमक्यू-डेडलाइन नावाचा शेड्युलर वाचायच्या रिक्वेस्टला 500 मिलिसेकंदांची मुदत देतो, लिहायच्या रिक्वेस्टला 5 सेकंदांची. बरोबरच आहे, वाचणारं ॲप डेटासाठी ताटकळत असतं. लिहिणारं बहुतेक वेळा पुढे निघून गेलेलं असतं. पूर्वी अख्ख्या डिस्कला एकच रांग होती. 2014 मध्ये आलेल्या 3.13 कर्नलपासून प्रत्येक सीपीयूला वेगळी रांग देण्याची सोय झाली.

आता ड्रायव्हर. तो रिक्वेस्ट घेतो, डिव्हाइसला कळेल अशी कमांड देतो आणि वाट न बघता मोकळा होतो. काम उरकलं की डिव्हाइस इंटरप्ट देतं. मग ड्रायव्हरने कर्नलला सांगायचं: झालं, किंवा एरर आली. उत्तरच दिलं नाही तर ॲप लटकतं. पण खोटं 'झालं' सांगणं त्याहून वाईट. डिस्कच्या आतही कॅश असतो. तो रिकामा करायला 'फ्लश' रिक्वेस्ट येते. ती डिस्कपर्यंत न पोचवताच ड्रायव्हरने 'झालं' म्हटलं, तर फाइल सिस्टीम निर्धास्त होते. तेवढ्यात लाईट गेली की डेटा गेला, आणि कुणाला एररही दिसत नाही!

म्हणून ड्राइव्ह काढण्याआधी इजेक्ट करा. टर्मिनल वापरत असाल तर 'सिंक' कमांड द्या आणि ती संपेपर्यंत थांबा. ड्रायव्हर लिहायला शिकायचंय? कर्नलमधला 'नल ब्लॉक' ड्रायव्हर वाचा. त्याला खरी डिस्क लागत नाही, जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. म्हणजे हा एपिसोड डाउनलोड केलात, तेव्हा तुमच्या फोनमध्येही अशीच रांग लागली होती. भेटू पुढच्या भागात!