जिन : नाव एक, कुळी दोन



सावनेरच्या बाजूला कापूस वेचून झाला की गाड्या भरतात आणि जो तो म्हणतो, "माल जिनात गेला." जिन म्हणजे सरकी काढायचा कारखाना, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. तेच पोर शाळेत इंग्रजी शब्दकोश उघडते, तर तिथे जिन म्हणजे एक जातीची दारू! आता कापसात दारू कुठून आली?

आली नाही. हे दोन शब्द आहेत. उच्चार एक, स्पेलिंगही एक. कुळी मात्र निराळ्या.

आपल्या कापसाच्या जिनाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथे 'इंजेनियम' म्हणजे उपजत बुद्धी, कल्पकता. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि युक्तीने केलेल्या साधनाला लागू पडला. इंजिन हा शब्द त्याच घरचा. बोलता बोलता पुढचे अक्षर गळाले आणि जिन उरले. म्हणूनच जनावर धरायच्या सापळ्यालाही इंग्रजीत जिन म्हणतात. सापळा काय अन् सरकी काढायचे यंत्र काय, दोन्ही माणसाच्या युक्तीचीच लेकरे! १७९४ साली अमेरिकेत एली व्हिटनी याने पेटंट घेतले ते 'कॉटन जिन'चे. सरकी काढायची लाकडी चरकी आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. नवा शब्द आला तो कारखान्यांबरोबर. मग यंत्राचे नाव आपण साऱ्या कारखान्यालाच देऊन टाकले.

दारूच्या जिनाचा या घराण्याशी काही संबंध नाही. जुनिपर नावाच्या झाडाची फळे घालून हॉलंडात 'जेनेव्हर' नावाची दारू करीत. इंग्रजांनी ते नाव तोडून आखूड केले, तेही जिनच झाले. दोन परके गडी एकाच नावाने हाक मारल्यावर उभे राहावेत, तसा हा प्रकार.

यात इंग्रजीला हसण्याजोगे काही नाही. आपला 'वर' घ्या. मांडवात उभा असतो तो वर, आणि माळ्यावर चढायचे तेही वर. घोड्याच्या पाठीवरचे जीन तर फारशीतून आलेले, म्हणजे तिसरेच घराणे. आपण गोंधळत नाही, कारण आपण आधी सबंध वाक्य ऐकतो.

शिक्षक मित्रहो, मुद्दा इथेच आहे. 'शब्द आणि त्यापुढे एकच अर्थ' अशी यादी पाठ करून घेतली, तर मुलाच्या हाती अर्धेच धन पडते. मोठ्या कोशात निराळ्या कुळीचे शब्द १, २ असे आकडे घालून वेगळे छापतात. एका कुळीचे अर्थ एकाच नोंदीखाली येतात. ते आकडे मुलांना दाखवा. आणि एखाद्या मुलाने जिन म्हणजे सरकी काढायचे यंत्र असे लिहिले, तर मार्गदर्शिकेत दारू छापली आहे म्हणून त्यावर काट मारू नका. ते उत्तर बरोबर आहे. बापाच्या गाडीवर बसून शिकलेला शब्द शाळेत खोटा ठरला, की मूल पुढे तोंड उघडत नाही.

उद्या वर्गात 'बॅट' हा शब्द घ्या. क्रिकेटची बॅट आणि झाडाला उलटे लटकणारे वटवाघूळ, इंग्रजीत दोन्ही बॅटच. यांची कुळी एक की दोन, ते मुलांनाच कोशात शोधू द्या.