एका खेळाचें दप्तर

पासलीच्या शेतकऱ्यानें आपली एकूण जमीन किती, असें विचारलें, तर गांव नमुना आठ-अ उघडावा लागतो. अमुक खाचर कोणाचें, असा प्रश्न असेल, तर नमुना सात. जमीन तीच, मांडणी मात्र प्रश्नाप्रमाणें वेगळी. संगणकावरील खेळ रचणारांसही हाच विवेक करावा लागतो.

श्रोत्यांनीं तोरण्यावर चढणाऱ्या हजार मावळ्यांचा खेळ कल्पावा. प्रत्येक मावळा म्हणजे केवळ एक क्रमांक. स्थान, वेग, बळ हे त्यास जोडलेले घटक. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बेव्ही’ या यंत्रणेंत कोणता घटक कसा सांठवावा, हें त्याची व्याख्या करितांनाच सांगतां येतें. कांहीं न सांगितल्यास तो कोष्टकांत जातो. तेथें सर्वांचीं स्थानें एकाच स्तंभांत लागोपाठ असतात. प्रक्रियक स्मृतींतून बहुधा ६४ बाइट एकदम उचलतो. शेजारचा मजकूर आपोआप हातीं येतो, आणि हजारांना एक पाऊल पुढें नेणें झटपट होतें.

अडचण ‘जखमी’ या घटकाची. तो लागला, कीं मावळ्याची सबंध ओळ दुसऱ्या कोष्टकांत न्यावयाची. बरा झाला, कीं परत. पायांत कांटा रुतला म्हणून सारें खातें दुसऱ्या वहींत उतरवून घेण्यासारखेंच हें! सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं, तर एका चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात; ऐन लढाईंत ही नकलनविशी भारी पडते. अशा घटकाकरितां ‘विरळ संच’ योजितात: जखमींची निराळी दाट यादी, व क्रमांकावरून तिच्यांतील जागा दाखविणारी सूची. बाकीची ओळ हलत नाहीं. चाळतांना मात्र तो कांहींसा मंद. म्हणून स्थानासारखा सतत लागणारा घटक त्यांत घालूं नये. आणि मावळे क्वचितच जखमी होत असतील, तर ‘जखमी’ही कोष्टकांतच राहूं द्यावा.