पाय टेकला की बाद



संयोजकांनी मला ‘सायकलवाला’ म्हणून बोलायला उभं केलंय. ज्याला शाळेत खो-खोच्या संघात राखीव म्हणूनही घेतलं नव्हतं, त्याने खेळावर बोलावं, याचं सरांना हसू येत असेल. हसा सर, हरकत नाही.

गॅदरिंगच्या आठवड्यात आपल्याकडे स्लो सायकलिंग असायचं, आठवतंय? शेवटी पोचेल तो पहिला आणि पाय टेकला की बाद. मी दर वर्षी बाद व्हायचो. सर म्हणायचे, “घाई फार आहे रे तुला.” ते किती खरं होतं, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

२०१६ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालायचा कंटाळा, म्हणून गिअरची सायकल घेतली. पहिल्या रविवारी खडकवासल्यापर्यंत गेलो आणि परत येताना टेम्पो शोधत होतो. पण वर्षभरात कात्रज, शिरवळ, खंबाटकी करत सुरूर फाट्यावरून वाईला आईकडे सायकलने येऊ लागलो. आपला पसरणीचा घाट आपण एसटीच्या खिडकीतून पाहिलेला. वाई ते पाचगणी जेमतेम १३ किलोमीटर, पण चढ सुमारे ६०० मीटरचा. सगळ्यात हलक्या गिअरमध्येही तोंडाला फेस येतो. मात्र वळणावर थांबून खाली धोमचं पाणी पाहिलं की सगळं विसरायला होतं.

एवढ्यावर समाधान मानायला हवं होतं. पण घाई! २०१८ मध्ये पुण्याजवळच्या एका हौशी शर्यतीत नाव घातलं. अंतर ८० किलोमीटर.

शर्यतीत सगळे घोळक्याने जातात. पुढच्याच्या अगदी मागे राहिलं की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. पण दोन चाकांत हातभरच अंतर असतं. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही. म्हणून पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा, गती कमी करताना ओरडून सांगायचं, हा अलिखित नियम. आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. चढावर सीटवरून एकदम उभं राहिलं की सायकल क्षणभर मागे येते.

साठाव्या किलोमीटरला एक छोटा चढ आला. पुढे जायच्या नादात मी न सांगता उभा राहिलो. माझ्या मागच्या चाकाला काहीतरी घासलं आणि धाडकन आवाज झाला. मी वळून पाहिलं. एक गृहस्थ रस्त्यावर पडले होते, खांदा धरून. आणि मित्रांनो, मी थांबलो नाही. “मागे गाडी आहे, लोक आहेत, बघतील,” असं स्वतःला सांगितलं आणि पुढे गेलो. माझा ४१वा नंबर आला. पदक सगळ्यांनाच होतं. ते आजही कपाटात आहे. मी कोणाला दाखवत नाही.

दोन दिवस झोप लागली नाही. चौकशी करून त्यांच्या घरी गेलो. कॉलरबोन मोडलं होतं. बँकेतून निवृत्तीला आलेले, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. मी चूक कबूल केली. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, “हाड जुळेल हो. पण तुम्ही वळून पाहिलंत, ते मी पाहिलं होतं.”

ते वाक्य मी अजून सोबत घेऊन फिरतो.

पुढच्या वर्षी हातापाया पडून त्यांनाच सोबत घेतलं आणि आम्ही २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली. ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत अंतर पुरं करायचं, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद घ्यायची. पहिला, दुसरा असा नंबर नसतो. शिरवळच्या अलीकडे त्यांची ट्यूब पंक्चर झाली. मला बदलायला वीस मिनिटं लागली, ते चहाच्या टपरीवर बसून सूचना देत होते. १२ तास ५० मिनिटांत पोचलो, बरोबरच. चढावर उभं राहण्याआधी मी आता ओरडतो, “उठतोय!” मागे कोणी नसलं तरी.

शेवटी एकच सांगतो. मला सायकल शिकवली ती आपल्याच वर्गातल्या एकाने, स्वतःच्या वडिलांच्या दूध घालायच्या सायकलवर. दांडीखालून पाय घालून मी हाफ पॅडल मारायचो आणि तो कॅरिअर धरून मागे पळायचा. नववीत नापास झाला आणि त्याची शाळा सुटली. आजच्या मेळाव्याची यादी आपण दहावीच्या हजेरीपटावरून केली. त्यात त्याचं नाव नाही. यादी तपासायचं काम माझ्याकडे होतं. मला तो आठवला होता, तरी मी यादी तशीच पुढे पाठवली. म्हणजे पुन्हा तेच, वळून पाहिलं आणि थांबलो नाही.

तो मेणवलीच्या रस्त्याला राहतो असं कळलंय. उद्या सकाळी सहाला मी सायकलने त्याच्याकडे जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर या. वेग कमी ठेवू.