मेंदूंतील घड्याळ व हृदयाची चाल



उत्सवाच्या दिवशीं आम्हीं हृदयविकाराचा विषय काढावा हें कोणास विचित्र वाटेल. परंतु इतकीं माणसें एकत्र पुन्हां कधीं भेटावयाचीं?

निजलेल्या माणसाची नाडी मंद चालते, हें आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांस ठाऊक आहे. श्रम थांबले म्हणून ती मंदावते, असें आपण समजतों. तें अर्धेंच खरें. रात्रभर जागा राहून स्वस्थ पडलेल्या माणसाचीहि नाडी उत्तररात्रीं उतरते. कारण तिच्यावर एका निराळ्याच घड्याळाचा अंमल आहे.

हें घड्याळ मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जेथें एकमेकांस ओलांडतात त्याच्या किंचित् वर आहे. हजारों पेशींचा तो पुंजका तांदळाच्या दाण्याहूनहि लहान! तो काढून टाकतां उंदरांची दिवसरात्रीची लय मोडते, असें १९७२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. डोळ्यांवाटे येणारा उजेड त्याची वेळ रोज जुळवितो. हृदयाच्या पेशींतहि बारीक घड्याळें आहेत. त्यांना वेळेवर ठेवण्याचें काम याचेंच.

पहाट होऊं लागली कीं रक्तांत कॉर्टिसॉल वाढतें, उठल्यावर रक्तदाब चढतो, आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तिहि सकाळीं अधिक असते. निरोगी हृदय हा भार सहज सोसतें. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना तो जड जातो. १९८५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, सकाळीं ९ च्या सुमारास हृदयविकाराचे झटके रात्रीं ११ च्या मानानें सुमारें तिप्पट आढळले. आणि नेमकी हीच वेळ आपल्याकडे "पित्त झालें असेल" म्हणून आल्याचा रस घेऊन वाट पाहण्याची! छातींत दडपण, घाम, डाव्या हातांत कळ असें कांहीं झाल्यास न्याहारीसाठीं थांबूं नये. तत्काळ इस्पितळ गांठावें.

रात्रपाळीच्या कामकऱ्याचे हात राबत असतां आंतील घड्याळ निजण्याची आज्ञा देत असतें. वर्षानुवर्षें असें चालल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो. पोटासाठीं तें करावेंच लागतें, त्याला दोष देऊन काय उपयोग? दिवसां त्याच्या खोलींत काळोख व शांतता राखणें मात्र घरच्यांच्या हातीं आहे.

रक्तदाबाची गोळी सकाळीं घ्यावी कीं रात्रीं, असें आम्हांस पुष्कळ जण विचारतात. ब्रिटनमध्यें २१ हजारांवर रोग्यांची पांच वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. २०२२ सालीं तिचा निष्कर्ष आला कीं, झटके टाळण्याच्या बाबतींत दोन्ही वेळा सारख्याच. जी वेळ न चुकतां साधेल ती आपल्या डॉक्टरांस विचारून ठरवावी.