गर्भाचे रक्त काय सांगते

डाउन संलक्षणाचे मूळ एकविसाव्या गुणसूत्राच्या तिसऱ्या प्रतीत आहे, हे पॅरिसमध्ये मार्थ गोतिये, जेरोम लेज्यून आदींनी 1959 साली दाखवून दिले. गर्भजल तपासून ती प्रत आज ओळखता येते. परंतु गुणसूत्रे मोजल्याने गर्भाच्या रक्ताची अवस्था कळत नाही.

गर्भावस्थेच्या मधल्या काळात रक्त मुख्यतः यकृतात तयार होते. या गर्भांत तेथेच कधीकधी गाटा-1 नावाच्या जनुकात बदल घडतो आणि अपक्व पेशी रक्तात वाढू लागतात. सोनोग्राफीत यकृत व प्लीहा मोठी दिसते. क्वचित गर्भाच्या सर्वांगात पाणी साचते. खात्री करावयाची तर नाळेच्या शिरेतून सुईने रक्त काढावे लागते. त्यात गर्भ दगावण्याचा धोका असल्याने निव्वळ जिज्ञासेपोटी ती सुई टोचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी हुबेहूब ल्युकेमियाच्या वाटतात, आणि ‘मुलाला कर्करोग आहे’ असे आईवडिलांना सांगण्याची घाई होते ती येथेच. वस्तुतः जन्मलेल्या बहुतेक बालकांत त्या काही महिन्यांत आपोआप नाहीशा होतात. सुमारे 20 ते 30 टक्के बालकांना मात्र पुढे, बहुधा चार वर्षांच्या आत, खरा ल्युकेमिया होतो. तोही औषधांना चांगली दाद देतो. सर्वांगात पाणी साचलेल्या गर्भाची गोष्ट निराळी. त्यांतील अनेक वाचत नाहीत.

गर्भात काहीच आढळले नसले, तरी जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बालकाचे रक्त काचपट्टीवर पाहावेच.